थ्रो केल्यावर लॉक फाइल मागे का राहते: हास्केलच्या इफेक्ट लायब्ररीतली आवराआवर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रोग्राममध्ये पॉलिसेमी या हास्केलच्या इफेक्ट लायब्ररीचा स्टॅक (एकावर एक रचलेले इफेक्टांचे थर) आहे: एरर, स्टेट, रिसोर्स आणि तळाला आयओ (फाइल, नेटवर्क असं बाहेरचं खरं काम). काम सुरू होताना ब्रॅकेटच्या (मिळवा, वापरा, सोडा अशा तीन पायऱ्यांच्या फंक्शनच्या) पहिल्या पायरीत लॉक फाइल तयार होते, शेवटच्या पायरीत ती पुसली जाते. सगळं सुरळीत पार पडलं तर फाइल जाते. आतून थ्रो केलं, म्हणजे चूक फेकली, की ती तशीच राहते, कंट्रोल-सी दाबलं तरी राहते. म्हणून तोच कोड इफेक्टफुल या दुसऱ्या लायब्ररीवर नेऊन पाहिला. तिथे फाइल नीट पुसली जाते, पण 'ग्राहक सापडला नाही' एवढी साधी चूक थ्रो केली तरी पोस्टग्रेसचं कनेक्शन बंद होतं आणि पूल (तयार कनेक्शनांचा साठा) नवीन उघडतो. मग लायब्ररी कुठली बरोबर, आणि ब्रॅकेट लावायचं कुठे?

दोन्ही त्रासांचं मूळ एकच आहे. तुमच्या लायब्ररीत थ्रो म्हणजे खाली नेमकं काय घडतं, ते आधी स्पष्ट हवं. ते कळलं की ब्रॅकेटची जागा आपोआप ठरते. (फंक्शनांची नावं देवनागरीत लिहितोय, जोडरेघ काढली की मूळ नाव सहज ओळखता येईल.)

एखाद्या कामातून बाहेर पडायच्या तीन वाटा आहेत. पहिली, उत्तर परत येणं. यात राइट (यशाचं मूल्य) येतो तसाच लेफ्टही (चूक सांगणारं मूल्य) येतो. रनटाइमच्या दृष्टीने लेफ्ट हे अगदी सरळ परत आलेलं उत्तर असतं. दुसरी, त्याच थ्रेडमध्ये उठलेलं रनटाइमचं एक्सेप्शन: थ्रो-आयओ, न सापडलेली फाइल, शून्याने भागाकार. तिसरी, बाहेरून येऊन आदळणारं असिंक्रोनस एक्सेप्शन: किल-थ्रेड, टाइमआउट, किंवा कंट्रोल-सी दाबल्यावर मुख्य थ्रेडकडे येणारं यूजर-इंटरप्ट.

आता बेस या हास्केलच्या मूळ लायब्ररीतलं ब्रॅकेट उघडून पाहा. पाच-सहा ओळींचं आहे. ते आधी मास्क लावतं, म्हणजे असिंक्रोनस एक्सेप्शनं थोपवून धरतं, आणि रिसोर्स मिळवायची पायरी मास्कमध्येच चालवतं. मग मास्क काढून तुमचं काम चालवतं आणि त्या कामाला ऑन-एक्सेप्शन जोडतं: एक्सेप्शन आलं तर सोडायची पायरी चालवा आणि तेच एक्सेप्शन पुढे जाऊ द्या. एक्सेप्शन आलंच नाही, तर काय? त्यासाठी पुढच्याच ओळीवर सोडायची पायरी पुन्हा लिहिलेली आहे. आयओमध्ये एवढं पुरतं, कारण तिथे एक्सेप्शन न येता पुढची ओळ गाळली जाऊ शकत नाही.

गोची होते ती 'पुढची ओळ' आयओची नसते तेव्हा. एक्सेप्ट-टी सारख्या मोनाडमध्ये (पायऱ्या एकामागून एक जोडणाऱ्या रचनेत) लेफ्ट आला की पुढच्या ओळी गाळल्या जातात, आणि हे रनटाइमला कळतही नाही. एक्सेप्शन उठलेलं नसतं, त्यामुळे ऑन-एक्सेप्शन जागं होत नाही. पुढची ओळ गाळली गेली, म्हणून तिथली सोडायची पायरीही चालत नाही. लॉक फाइल याच फटीतून निसटते.

पॉलिसेमीतला रन-रिसोर्स हा हँडलर (इफेक्ट प्रत्यक्ष चालवणारं फंक्शन) नेमका असाच आहे. तो मिळवणं, वापरणं आणि सोडणं या तीन पायऱ्या सेम या पॉलिसेमीच्या मोनाडमध्ये एकापुढे एक लावतो. त्यात मास्कही नाही आणि ऑन-एक्सेप्शनही नाही. रन-एरर बाहेरच्या बाजूला असेल, म्हणजे रन-रिसोर्सनंतर चालत असेल, तर थ्रो थेट बाहेर उडी मारतं आणि सोडायची पायरी गाळली जाते. तुमच्याकडे हेच झालं असणार. क्रम उलटा करून रन-एरर आत घेतलं तर थ्रोचं आधी उत्तरात रूपांतर होतं, रन-रिसोर्सला ते दिसतं आणि फाइल पुसली जाते. हा उपाय मोहात पाडतो, पण त्यावर थांबू नका. कंट्रोल-सी आणि आयओमधून उठलेली एक्सेप्शनं तरीही निसटतीलच. रन-रिसोर्स शुद्ध कोडच्या टेस्टपुरतं ठेवा. खऱ्या फाइली, सॉकेट आणि लॉक त्याच्या हवाली करू नका.

पॉलिसेमीवरच राहायचं असेल तर रिसोर्स-टू-आयओ-फायनल वापरा. त्यासाठी स्टॅकच्या शेवटी रन-एम च्या जागी आधी एम्बेड-टू-फायनल आणि मग रन-फायनल येतं. आता खाली खरं आयओचं ब्रॅकेट चालतं, मास्कसकट. रन-एरर आत असो वा बाहेर, लेफ्ट या ब्रॅकेटला 'उत्तर परत आलं' असाच दिसतो आणि फाइल पुसली जाते. नावाने जवळचा रिसोर्स-टू-आयओ हा दुसरा हँडलर आहे. तो मुख्य थ्रेडवर बाहेरून फेकलेल्या एक्सेप्शनपासून संरक्षण देत नाही, हे त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. कंट्रोल-सी ही तुमची तक्रार असल्यामुळे तो तुमच्या कामाचा नाही.

फायनलच्या वाटेने गेलात की एक किंमत मोजावी लागते, आणि ती बऱ्याच जणांच्या उशिरा लक्षात येते. स्टेट साध्या रन-स्टेटने चालवलंत, तर सोडायच्या पायरीला कामात झालेले बदल दिसत नाहीत. तिला मिळवायच्या पायरीनंतरचीच स्टेट मिळते. समजा काम करताना तुम्ही स्टेटमध्ये 'किती ओळी झाल्या' ते मोजता आणि सोडताना तो आकडा लॉगमध्ये लिहिता. ४२ ओळी होऊनही लॉगमध्ये ० येईल. सोडायच्या पायरीने स्टेटमध्ये केलेले बदलही पुढे टिकत नाहीत. उपाय सरळ आहे: अशी स्टेट रन-स्टेट-आयओ-रेफ ने चालवा, म्हणजे ती खऱ्या आयओ-रेफ मध्ये (आयओतल्या बदलता येणाऱ्या जागेत) राहते आणि सगळ्यांना एकच दिसते.

एमटीएल लायब्ररीच्या साध्या स्टॅकवर (एक्सेप्ट-टी, स्टेट-टी असे थर) असलेल्यांसाठी दोन शब्द. एक्सेप्शन्स पॅकेजमधल्या मोनाड-मास्कच्या जनरल-ब्रॅकेटला लेफ्टची जाण आहे. यश, एक्सेप्शन आणि अबॉर्ट असे तीन शेवट ते वेगळे ओळखतं आणि तिन्हींत सोडायची पायरी चालवतं. अनलिफ्ट-आयओ पॅकेज मात्र एक्सेप्ट-टी ला आणि स्टेट-टी ला सरळ नकार देतं, कोड कंपाइलच होत नाही. हा नकार मला फार मोलाचा वाटतो. जिथे अर्थ धूसर आहे तिथे कंपायलरनेच अडवलेलं बरं.

आता इफेक्टफुल. इथे एफ हा मोनाड मुळात 'एन्व्हायर्नमेंट घ्या आणि आयओ चालवा' एवढाच आहे, म्हणजे आयओवरचा रीडर-टी. थ्रो-एरर खाली खरंखुरं रनटाइम एक्सेप्शन फेकतं, आणि रन-एरर त्यावरची खूण तपासून फक्त आपलं तेवढं पकडतं. म्हणून ब्रॅकेट, फायनली, ऑन-एक्सेप्शन सगळं जसं असावं तसं चालतं. पहिली वाट आणि दुसरी वाट यांतला घोळच उरत नाही, आणि आवराआवरीसाठी मी याच घडणीची लायब्ररी निवडतो. क्लेफ आणि ब्लूफिन याच घडणीतल्या आहेत. स्टेटही खाली बदलता येणाऱ्या जागेत राहते, त्यामुळे सोडायच्या पायरीला ४२ च दिसतात. मात्र थ्रो-एरर झाल्यावर स्टेट मागे फिरत नाही. स्टेट पूर्वपदावर यायला हवी असेल तर ब्रॅकेट-ऑन-एरर लावून ती स्वतः परत ठेवावी लागते.

पण याच गुणामुळे तुमचा दुसरा त्रास उभा राहतो. रिसोर्स-पूल पॅकेजमधलं विथ-रिसोर्स काय करतं? आतलं काम उत्तर देऊन संपलं तर कनेक्शन पूलमध्ये परत ठेवतं. एक्सेप्शन आलं तर कनेक्शनची अवस्था भरवशाची नाही असं धरून ते नष्ट करतं. हा निर्णय योग्यच आहे, कारण अर्ध्या क्वेरीत तुटलेलं कनेक्शन पुढच्या माणसाच्या हाती देता येत नाही. अडचण एवढीच की तुमचा 'ग्राहक सापडला नाही' आता एक्सेप्शन बनून येतो, आणि पूलला तो तुटलेल्या नेटवर्कपेक्षा वेगळा दिसत नाही.

ट्रान्झॅक्शनच्या बाबतीत गणित उलटं होतं. पोस्टग्रेसक्यूएल-सिंपलचं विथ-ट्रान्झॅक्शन एक्सेप्शन आलं तर रोलबॅक करतं (झालेले बदल मागे घेतं), उत्तर आलं तर कमिट करतं (ते कायम करतं). इथे तुम्हाला हवं असतं की चूक एक्सेप्शन म्हणूनच यावी. एक्सेप्ट-टी वापरणारे बरेच जण विथ-ट्रान्झॅक्शनच्या आत रन-एक्सेप्ट-टी लिहितात. लेफ्ट आला, विथ-ट्रान्झॅक्शनला तो साधं उत्तर दिसला, आणि अर्धवट झालेलं काम कमिट झालं! खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्या खात्यात जमा व्हायच्या आधी चूक आली, आणि डेटाबेसने ते मुकाट्याने कायम केलं. लॉक फाइल मागे राहिली तर निदान दिसते तरी. हे मात्र महिनाअखेरीला हिशेब जुळवताना कळतं.

तेव्हा थर असे लावा. सर्वांत बाहेर विथ-रिसोर्स. त्याच्या आत ट्राय-एरर. त्याच्या आत विथ-ट्रान्झॅक्शन. आणि सर्वांत आत तुमचं काम. आता वाट मागे धरून पाहा. काम थ्रो-एरर करतं, ते एक्सेप्शन म्हणून ट्रान्झॅक्शनमधून जातं आणि रोलबॅक होतो. ट्राय-एरर ते पकडून लेफ्ट बनवतं. पूलला उत्तर मिळतं, कनेक्शन शाबूत परत जातं. विथ-रिसोर्सच्या बाहेर आल्यावर लेफ्ट तपासा आणि पुन्हा थ्रो-एरर करा. खरंच नेटवर्क तुटलं असेल तर ते एक्सेप्शन ट्राय-एररच्या हाती लागत नाही, ते थेट पूलपर्यंत पोचतं आणि कनेक्शन नष्ट होतं. दोन्ही हवं तसंच. ट्राय-एरर लेफ्टमध्ये चुकीसोबत कॉल स्टॅकही (चूक कुठून आली त्याची साखळी) देतं. पुन्हा थ्रो केल्यावर स्टॅक नवीन जागेपासून सुरू होतो, म्हणून जुना हवा असेल तर तिथेच लॉगमध्ये लिहून टाका.

विथ-रिसोर्स आणि विथ-ट्रान्झॅक्शन दोघांनाही आयओचं काम लागतं, म्हणजे एफमधून आयओत उतरावं लागतं. दोघंही तुमचं काम त्याच थ्रेडवर चालवतात, त्यामुळे एकाच थ्रेडपुरतं उतरवणारं सीक-अनलिफ्ट पुरतं. आत असिंक पॅकेजचं कन्करंटली वापरलंत तर काम दुसऱ्या थ्रेडवर जातं आणि सीक-अनलिफ्ट चालू असताना चूक देऊन थांबतं. तिथे अनेक थ्रेडवर चालणारं कॉन्क-अनलिफ्ट मागावं लागतं.

इफेक्टफुलवर येताना आणखी एक जागा तपासा: सम-एक्सेप्शन (म्हणजे कुठलंही एक्सेप्शन) पकडणारा प्रत्येक कॅच. जुन्या स्टॅकमध्ये 'काहीही झालं तरी लॉग करा आणि पुढे चला' असा कोड असेल, तर तो आता तुमचे थ्रो-एररही गिळेल, कारण तीही एक्सेप्शनंच आहेत. बाहेरच्या रन-एररपर्यंत ती पोचणारच नाहीत. कॅच-सिंक वापरल्याने असिंक्रोनस एक्सेप्शनं वाचतात, पण थ्रो-एरर सिंक्रोनस असल्यामुळे तो तिथेही अडकतो. सम-एक्सेप्शन गिळणारा कॅच टाइमआउटही मोडतो: वेळ संपल्याचं एक्सेप्शन आतच मुरतं आणि काम निवांत चालू राहतं. नुसता लॉगच लिहायचा असेल तर कॅच नको, ऑन-एक्सेप्शन किंवा विथ-एक्सेप्शन घ्या. ती लिहून झाल्यावर एक्सेप्शन पुढे जाऊ देतात. पकडायचंच असेल तर आयओ-एक्सेप्शन, एसक्यूएल-एरर असा नेमका प्रकार लिहा.

आता ब्रॅकेटच्या दोन टोकांबद्दल, कारण लायब्ररी कुठलीही असली तरी चुका तिथेच होतात.

मिळवायच्या पायरीत एकच गोष्ट मिळवा. सॉकेट उघडणं आणि समोरच्या सर्व्हरशी जोडणं ही दोन कामं एकाच पायरीत लिहिली आणि जोडणी फसली, तर ब्रॅकेटच्या लेखी काहीच मिळालेलं नसतं. सोडायची पायरी चालत नाही आणि उघडलेलं सॉकेट लटकत राहतं. सॉकेट ब्रॅकेट-ऑन-एररने उघडा आणि त्याच्या आत जोडणी करा. शिवाय मास्क म्हणजे पूर्ण कवच नव्हे. टेक-एम-व्हार (एम-व्हार या थ्रेडमधल्या सामायिक जागेत मूल्य येईपर्यंत थांबणं) सारखी अडून राहणारी क्रिया मास्कमध्येही असिंक्रोनस एक्सेप्शनने मोडता येते. बहुतेक वेळा ते हवंच असतं, नाहीतर कनेक्शनची वाट पाहणारा थ्रेड कधी थांबवताच येणार नाही.

सोडायची पायरी छोटी ठेवा आणि तिच्यातून थ्रो करू नका. काम फसलं म्हणून ती चालत असेल आणि तिनेही एक्सेप्शन फेकलं, तर बेसच्या ब्रॅकेटमध्ये मूळचं हरवतं आणि लॉगमध्ये फक्त दुसरं दिसतं. एच-क्लोज निरुपद्रवी वाटतं, पण बंद करण्याआधी ते बफरमधला मजकूर डिस्कवर लिहितं. डिस्क भरली असेल तर एक्सेप्शन नेमकं तिथूनच उठतं. म्हणून मजकूर पोचणं महत्त्वाचं असेल तिथे एच-फ्लश कामाच्या शेवटी स्वतः करा आणि त्याची चूक तिथेच हाताळा. एच-क्लोजला फक्त हँडल सोडायचं काम उरू द्या.

कुठलं ब्रॅकेट इम्पोर्ट केलंय तेही पाहा. बेसचं ब्रॅकेट सोडायची पायरी साध्या मास्कमध्ये चालवतं, सेफ-एक्सेप्शन्स आणि अनलिफ्ट-आयओ ती अनइंटरप्टिबल (अजिबात मोडता न येणाऱ्या) मास्कमध्ये चालवतात. पहिल्यात दुसरं असिंक्रोनस एक्सेप्शन येऊन आवराआवर अर्धवट राहू शकते. दुसऱ्यात ती पूर्ण होते, पण नेटवर्कवरून निरोप पाठवणारी पायरी अडकली तर कशानेच सुटत नाही. आत टाइमआउट लावला तरी त्याचं एक्सेप्शन पोचतच नाही. फाइल पुसणं, लॉक सोडणं यांना दुसरा प्रकार उत्तम. समोरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहणारं काही असेल तर पहिला.

आळशी मूल्यमापनाचा, म्हणजे मूल्य लागेल तेव्हाच मोजण्याचा, सापळाही याच गल्लीत आहे. विथ-फाइलच्या आत एच-गेट-कंटेंट्स करून ती स्ट्रिंग बाहेर परत दिली, तर वाचन बाहेर कुणी स्ट्रिंगला हात लावेपर्यंत होतच नाही. तोवर हँडल बंद झालेलं असतं आणि 'डिलेड रीड ऑन क्लोज्ड हँडल' अशी चूक येते. टेक्स्ट किंवा बाइटस्ट्रिंगच्या कडक आवृत्तीचं रीड-फाइल वापरा. ट्राय आणि कॅचलाही हेच लागू: आतून न मोजलेलं मूल्य परत दिलं तर त्यातलं एक्सेप्शन कॅचच्या बाहेर जाऊन फुटतं. इव्हॅल्युएट लावा, खोल रचना असेल तर फोर्स करून मग इव्हॅल्युएट.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. स्टॅकमध्ये नॉनडेट (एकाच कामाला अनेक उत्तरं देणारा इफेक्ट) असेल किंवा कंटिन्युएशन (कामाचा उरलेला भाग) पकडून ती पुन्हा पुन्हा चालवणारे इफेक्ट असतील, तर ब्रॅकेटचा अर्थच डळमळतो. काम दोनदा पुढे गेलं तर फाइल दोनदा पुसायची का? काम मध्येच सोडून दिलं तर कधी पुसायची? अशा इफेक्टांचा भाग वेगळा ठेवा, त्याचं उत्तर पूर्ण काढा आणि रिसोर्स त्याच्या बाहेर उघडा. रिसोर्सचं आयुष्य एका ब्लॉकमध्ये मावत नसेल, उदाहरणार्थ फाइली एकामागून एक उघडत जायच्या आणि काही मध्येच बंद करायच्या, तर ब्रॅकेट ताणू नका, रिसोर्स-टी घ्या. त्यात प्रत्येक रिसोर्सची स्वतंत्र किल्ली मिळते, लवकर सोडता येतं, आणि उरलेली शेवटी उलट्या क्रमाने सुटतात.

कोड निर्दोष असूनही फाइल मागे राहायची दोन कारणं प्रोसेसच्या पातळीवर आहेत. कंट्रोल-सी चं एक्सेप्शन जीएचसी या हास्केल कंपायलरचा रनटाइम करून देतो, पण सिगटर्मचं (प्रोसेसला 'बंद हो' सांगणाऱ्या सिग्नलचं) करत नाही. सिस्टिमडी किंवा डॉकर सिगटर्मच पाठवतात, आणि हँडलर लावलेला नसेल तर कुठलंही ब्रॅकेट चालत नाही. युनिक्स पॅकेजच्या इन्स्टॉल-हँडलरने सिगटर्म आला की मुख्य थ्रेडवर एक्सेप्शन फेका. डॉकर स्टॉप साधारण १० सेकंद थांबतो, कुबरनेटीस ३०, आणि मग प्रोसेस तत्काळ मारणारा सिगकिल येतो. आवराआवर त्याआधी उरकायला हवी. दुसरं कारण, मुख्य थ्रेड संपला की बाकीचे थ्रेड जागच्या जागी संपतात, त्यांच्या सोडायच्या पायऱ्या चालत नाहीत. फोर्क-आयओ ऐवजी विथ-असिंक वापरा. ते बाहेर पडताना आतला थ्रेड रद्द करून तो संपेपर्यंत थांबतं.

शेवटी टेस्ट, आणि ती लायब्ररी ठरवायच्या आधी लिहा. एका आयओ-रेफमध्ये आकडा ठेवा, मिळवताना एक वाढवा, सोडताना एक कमी करा. तेच काम पाच प्रकारे संपवा: सरळ उत्तर देऊन, थ्रो-एरर करून, थ्रो-आयओ करून, आत अनंत झोप लावून बाहेरून १००००० चा टाइमआउट देऊन (आकडा मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग), आणि वेगळ्या थ्रेडवर चालवून किल-थ्रेड करून. किल-थ्रेड एक्सेप्शन पोचेपर्यंतच थांबतं, आवराआवर होईपर्यंत नाही. म्हणून त्या टेस्टमध्ये थ्रेड पूर्ण संपल्याची खूण एम-व्हारमध्ये घ्या आणि मगच आकडा वाचा. पाचही वेळा ० यायला हवा. रन-एरर आणि रिसोर्सचा हँडलर यांचा क्रम उलटा करून पुन्हा चालवा. तुमच्या आत्ताच्या पॉलिसेमी स्टॅकवर पहिल्या क्रमात चार टेस्ट पडतील, उलट्या क्रमात तीन. रिसोर्स-टू-आयओ-फायनल लावल्यावर दोन्ही क्रमांत एकही पडू नये.